गोलापांगरीचा थांबा

शीतल आमच्यात आली तेव्हा आम्ही तिघंच होतो. रामराव, साहेबराव आणि मी. तिघंही पेन्शनर. दर रविवारी पहाटे जुन्या जालन्यातून सायकली काढायच्या आणि अंबड गाठायचं. रामरावांचा नियम एकच होता, अंबडच्या स्टँडवरच्या चहाआधी कुणी खाली उतरायचं नाही.

शीतल एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. नवव्या वर्षापासून शुगर आहे, रोज इन्सुलिन टोचावं लागतं, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. आम्ही माना हलवल्या. कळलं काहीच नव्हतं. अंबडला रामरावांनी तिच्यासाठी बिनसाखरेचा चहा सांगितला आणि साहेबरावांनी बिस्किटांची बशी तिच्यापासून लांब सरकवली. ती नुसती हसली.

पुढं हिवाळ्यातल्या एका रविवारी वाटेतल्या गोलापांगरी गावाजवळ ती अचानक उतरली. एवढ्या थंडीत कपाळावर घाम, हात थरथरत होते. तिनं खिशातून लिमलेटच्या गोळ्यांची पुडी काढली आणि मी ती तिच्या हातातून काढून घेतली. माझ्या आईला म्हातारपणी शुगर होती. तिच्या उशाखालचे पेढे मी असेच काढून घ्यायचो.

"शुगर असताना गोड खातेत का, बाई?" मी म्हणालो.

ती रस्त्याच्या कडेला खाली बसली. बोलायलाही तिला वेळ लागला.

"काका, द्या ती पुडी. माझी साखर खाली गेलीय."

मी दिली. तिनं चार गोळ्या कडाकडा चावल्या. थोड्या वेळानं बोट टोचून मशीनमध्ये पाहिलं, मग समजावून सांगितलं. इन्सुलिन घेतलेलं, त्यात सायकलची मेहनत, अशा वेळी साखर फार उतरली तर माणूस बेशुद्ध पडतं. तेव्हा गोडच लागतं. मला मान वर करवेना.

उठताना ती म्हणाली की पुढच्या रविवारपासून ती येणार नाही, तिच्यापायी आमचा नियम मोडतो. कॉलेजच्या सहलींतूनही तिला असंच वगळायचे.

रामराव बराच वेळ हँडल पुसत राहिले. मग म्हणाले, "आजपासून गोलापांगरीला थांबायचं. माझे गुडघे कवाचे थांबा मागून राह्यले, पण नियम माझाच होता ना. मंग कुणाला सांगू?"

साहेबराव म्हणाले, "आमच्या गुडघ्यांनी काय पाप केल्तं?"

शीतल हसली. पुढच्या रविवारी ती आमच्या आधी येऊन उभी होती.

चार वर्षं ती आमच्याबरोबर होती. मग बदली होऊन नाशिकला गेली. साहेबराव आता सायकल चालवत नाहीत. रामराव आणि मी मात्र अजून गोलापांगरीला थांबतो, उगाच दहा मिनिटं.

यंदा दिवाळीला ती आली होती. रविवारी सायकल घेऊन निघाली. गोलापांगरीला उतरली आणि तिनं माझ्यापुढं हात पसरला. लिमलेटची पुडी त्या हिवाळ्यापासून माझ्या खिशात असतेच. मी ती तिच्या हातावर ठेवली.