पंखा पळतोय, वारा कुठं हाय?

दूध उतू जाऊ नये म्हणून अस्मिता गॅसजवळ उभी होती, तेवढ्यात दारावर थाप पडली.

"पावणं आलंय की! आजारी कुठाय?"

पेठ वडगावचे आकाराम. साठी ओलांडलेले, खांद्याला कापडी पिशवी. पूर्वी विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. शाळेनं भंगारात काढलेल्या कॉम्प्युटरवर लिनक्स शिकले, लोकांना विचारत विचारत.

आत अस्मिताची लेक नंदिनी रडवेली बसली होती. कॉलेजचा प्रकल्प दुपारी दोनच्या आत पाठवायचा, आणि लॅपटॉप दर दहा मिनिटांनी तापून बंद. शाहूपुरीतला एक दुकानदार म्हणाला होता, ही फुकटची लिनक्स सिस्टीमच काढून टाका.

"डोकं दुखतंय म्हणून डोकंच काढायचं व्हय?" आकाराम म्हणाले.

त्यांनी काळ्या पडद्यावर एकच शब्द टाइप केला. प्रोसेसर चौऱ्याण्णव अंश! दुसरा शब्द टाकला, तशी चालू कामांची यादी उमटली.

"बघा वहिनी, काम तीन टक्के. बसल्या जागी ताप. सिस्टीमचा दोष न्हाय."

पंखा मिनिटाला चार हजार आठशे फेरे घेत होता.

"पंखा पळतोय. मग वारा कुठं हाय?"

त्यांनी पेपरची बारीक पट्टी फाडून वारा बाहेर पडायच्या जाळीशी धरली. पट्टी हललीसुद्धा नाही.

मग लॅपटॉप बंद करून मागचं झाकण उघडलं. पंख्यापुढच्या पत्र्यांत धुळीचा थर, लालभडक. अस्मितानं पाहताक्षणी ओळखलं. दर खंडेनवमीला चालू लॅपटॉपवर ती चिमटीनं कुंकू वाहायची.

"अगं बाई, माझ्याच हातचं!"

"आमच्या मोटारीबी पुजतोच की. पण मोटारीला चालतंय. ह्येला नाक असतंय."

ब्रशनं थर निघाला. लॅपटॉप पुन्हा चालू केला, तर आकडा एकोणपन्नासवर उतरला होता. नंदिनीनं काम सुरू केलं. साठ, सत्तर, चौऱ्याहत्तर, आणि तिथंच थांबला. अस्मिता बघतच राहिली. यंत्र आपली नाडी आपणच सांगत होतं, आणि ती वाचणारा हा माणूस दहावीही नव्हता!

दीड वाजता प्रकल्प गेला. आकाराम पिशवी उचलून दारात थांबले.

"वहिनी, एक करा. आमचा लिनक्सवाल्यांचा गट हाय, मी तिथंच शिकलो. पर मला चार ओळी नीट लिहायला जमत न्हाय. आज काय बघितलंसा, कुंकवासकट, तेवढं मराठीत लिहून द्या, गटावर टाकतो."