चोरीला गेलेले बेडूक

धानाच्या बांधीतला, म्हणजे भातखाचरातला बेडूक कुणाच्या मालकीचा असतो? शेतकऱ्याच्या, पकडणाऱ्याच्या, की सरकारच्या? उत्तराची घाई करू नका. हा प्रश्न एका सकाळी फिर्याद होऊन माझ्या टेबलावर आला होता. मी निवृत्त झालो, पण त्याने माझा पिच्छा अजून सोडलेला नाही.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. रामटेककडच्या धानपट्ट्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. नोकरी नवी, रक्त गरम. शाळकरी वयापासून हाती येईल ते चळवळीचे पत्रक वाचत मी मोठा झालो होतो. अन्यायाला दोनच बाजू असतात, एक लुटणाऱ्याची आणि एक लुटल्या जाणाऱ्याची, आणि पोलिसाने दुसऱ्या बाजूला उभे राहायचे, एवढे माझे पक्के होते.

हजेरी आटोपून शिपायांना कामे वाटत होतो, तेवढ्यात एक गृहस्थ आले. कपडे कडक इस्त्रीचे. गावाबाहेर कालव्याच्या काठी त्यांची टिनाची शेड होती. 'सप्लायचा धंदा' यापलीकडे गावात कुणी काही सांगत नसे.

"साहेब, चोरी झाली. सगळा माल गेला."

"कसला माल?"

"पोत्यातला."

"पोत्यात काय होते?"

"मालच होता."

फिर्याद लिहून घेणारे आमचे हवालदार नोकरीत मुरलेले. ते म्हणाले, "अहो भाऊ, तांदूळ, तूर, काही तं नाव असन ना त्याचं?"

गृहस्थांनी आवाज खाली आणला. "बेडकं."

"जिवंत?"

"जिवंतच तं! मेलेली कोण चोरते?"

हवालदारांनी माझ्याकडे पाहिले. चेहरा गंभीर. "साहेब, वर्णनात काय लिहू? रंग हिरवा, डोळे मोठे, पळून जाण्याची सवय?"

मला हसू आले, पण फिर्यादी हसला नाही. चोर कोण हे त्याला ठाऊक होते. त्याच्यासाठी बेडूक पकडून आणणाऱ्या बायकांपैकी एक पहाटे कालव्यावर रिकामी पोती झटकताना दिसली होती. ती गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. "तिले आत टाका साहेब. नोकरी गेली का बाकीच्या बी सरळ होतात."

त्याला माल परत नको होता. त्याला ती बाई नोकरीतून गेलेली पाहिजे होती. हे मला तेव्हाच खटकले.

स्त्रीला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरीच जावे लागते. पोलीस पाटलाला घेऊन आम्ही गेलो. बाई अंगणवाडीत निघण्याच्या तयारीत होती. आम्हाला पाहून ती ना घाबरली ना रडली. खाट पुढे ओढली आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली.

"शेडमधली पोती तू नेलीस?"

"नेली. तोंड सोडलं अन् कालव्यात रिकामी केली. पोती हे पाहा, धुऊन वाळू घातली. त्याची त्याले देऊन द्या."

"आणि बेडूक पकडून आणत कोण होते?"

"मीच."

हवालदारांचा धीर सुटला. "तूच पकडतं अन् तूच सोडतं? काहून वं बाई, डोकं फिरलं का तुहं?"

"फिरलंच होतं भाऊ. आता जाग्यावर आलं."

"अगं पण का सोडलेस?" मी विचारले.

"मी नाही सांगत. माह्या सांगण्यावर तुमचा भरोसा कसा बसन? शेडीत जा अन् पाहा."

पाटील मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, कबूल तं करून राहिली. मिटवा आता." बरोबरच होते. आरोपी कबूल, पोती हाती, फिर्यादी ओळखीचा. पण माझा गोंधळ वाढतच होता. चोरी म्हणावी, तर तिने स्वतःसाठी काही ठेवले नव्हते. चोरी ठरायला लबाडीचा हेतू लागतो, तो कुठे शोधायचा? नुकसानीचा गुन्हा म्हणावा, तर नुकसान नक्की कुणाचे? पोत्यातल्या बेडकाला पाणी परत मिळाले, याला नुकसान म्हणतात काय?

घटनास्थळाचा पंचनामा राहिला होता. दोन पंच घेऊन आम्ही शेडवर पोचलो. फिर्यादीने दरवाजा दाखवला, कडी दाखवली, चहा मागवला. त्याच्या हिशेबाने पंचनामा तिथे संपला होता. पण पंचनामा म्हणजे दरवाजाचे चित्र नव्हे. घटनास्थळ म्हटले की चारही भिंतींच्या आतले सगळे लिहावे लागते. शेडच्या मधोमध बांबूचा तट्टा आडवा लावला होता. हवालदारांनी तो बाजूला सारला.

मागे लाकडाचा ठोकळा होता, त्यावर सुरे. बर्फाच्या पेटीत बेडकांचे मागचे पाय जोडीजोडीने रचलेले होते, कातडी सोललेले. पलीकडे खड्डा होता. त्यात उरलेली अर्धी शरीरे टाकलेली. त्यातली काही अजून पुढच्या दोन पायांवर सरकायला बघत होती.

पंच दारापर्यंत मागे सरले. फिर्यादी मात्र शांतपणे म्हणाला, "साहेब, हे तं रोजचंच हाय. कलकत्त्याले जाते, तिथून बोटीनं बाहेर. फॉरेनचे लोक खातात."

लक्षात घ्या, तट्ट्यामागे काय होते ते शोधून काढायला कोणी गुप्तहेर लागला नाही. त्याने स्वतः आम्हाला बोलावून आणले होते. पोलीस आपल्या बाजूने येणार, मग त्यांच्यापासून लपवायचे काय, ही त्याची खात्री होती. मला जास्त राग त्या सुऱ्यांचा आला की त्या खात्रीचा, हे आजही सांगता येत नाही.

कोपऱ्यात एक पोते तिच्या नजरेतून सुटले होते. ते हलत होते. मुद्देमाल म्हणून ते ठाण्यात आणले. मुद्देमालाला लाखेचा शिक्का लावावा लागतो. हवालदार पेटती मेणबत्ती घेऊन त्या पोत्यासमोर उभे. "साहेब, शिक्का मारतो, पण मुद्देमाल श्वास कुठून घेईन?" शेवटी गाठ सैल ठेवली. दुपारपर्यंत अर्धा मुद्देमाल ठाण्याच्या आवारात उड्या मारत होता आणि पहाऱ्यावरचा शिपाई टोपी घेऊन त्याच्या मागे.

वन्यजीव संरक्षणाचा कायदा ठाण्यात कुणी उघडून पाहिला नव्हता. वाघ, बिबट, मोर, इथपर्यंत आमची समज. मी वनखात्याच्या रेंजरला निरोप धाडला. तो पुस्तक घेऊनच आला. यादीवर बोट ठेवून म्हणाला, "बेडूकसुद्धा आहे. परवाना नाही म्हणजे गुन्हा. पकडलेले जनावर सरकारजमा."

म्हणजे चोरी झालेला माल सरकारचा, चोरीची फिर्याद देणारा गुन्हेगार, आणि चोराने सरकारचा माल सरकारच्याच कालव्यात सोडला. मी डोके धरून बसलो.

हे ऐकताच फिर्यादी उठला. "साहेब, मी फिर्याद मागे घेतो. पोती रिकामीच होती."

"बसा," मी म्हणालो. "ठाण्यात दिलेली फिर्याद दुकानावरचा चहा नव्हे, गोड नाही म्हणून परत करायला."

पण रेंजर थांबला नव्हता. "फौजदार साहेब, पकडणारा, ठेवणारा, विकणारा, कायद्यात तिघेही सारखेच. त्या बाईला पण आरोपी करावे लागेल."

माझ्या दोन बाजूंच्या हिशेबाचा तिथे चुराडा झाला. मी रेंजरला घेऊन पुन्हा तिच्या घरी गेलो. आता ती बोलली.

"माह्या पोरीले शहरात, धंतोलीच्या दवाखान्यात वाचवलं, साहेब. पोट फाडून वाचवलं. हा बाबू म्हणे, बेडकं तिकडंच, डॉक्टरच्या कॉलेजात जातात, शिकणारे डॉक्टर आधी त्याच्यावर हात बसवतात. मी म्हटलं, माह्या पोरीचं पोट शिवणाराबी असाच शिकला असन. चांगलं काम हाय. पैसेबी भेटत होते, खोटं कशाले बोलू? पण मी मनापासून पकडत होती. आम्ही साऱ्याच बायका. मंग एक दिवस पाणी प्याले तट्ट्याच्या मांगं गेली. पाय इकडं, बाकीचा जीव तिकडं, डोळे उघडे. म्हटलं, हे कोणतं कॉलेज हाय गा?"

रेंजरने पुस्तक मिटले, पण विचारले, "पकडले होतेस हे कबूल आहे ना?"

"हाय ना. लिहा. पण अंगणवाडी जाईन का माही?"

बाहेर आल्यावर वाद झाला. तो म्हणाला, कायदा माणूस पाहत नाही. मी म्हणालो, मग कायद्याला तट्ट्यामागे घेऊन कोण गेले? ठोकळा, सुरे, बर्फाची पेटी आणि दोन पंच एवढ्यावर शेडवाल्याविरुद्ध खटला उभा राहतो, तिला आरोपी करून तुमची बाजू तसूभरही वाढत नाही. त्याने पुस्तक जीपच्या बॉनेटवर ठेवले. मग म्हणाला, "तिला साक्षीदार लिहा. कोणी विचारले तर दोघांनीही उत्तर द्यायचे."

चोरीचा तपास मी गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून बंद करण्यास पाठवला. वनखात्याच्या खटल्यात शेडवाल्याला दंड झाला, शेड बंद पडली. बाईची अंगणवाडी राहिली. पुढे देशातून बेडकांचे पाय बाहेर पाठवणेच बंद झाले. पण तोच माणूस दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या कशाचा तरी 'सप्लाय' करू लागल्याचे मी ऐकले. आणि त्या पावसाळ्यात ज्या बायकांची वरकमाई गेली, त्यातली एक बाजारात मला म्हणाली, "न्याय केला साहेब, आमच्या चुलीवर."

बेडूक कुणाचा, हे मला अजून नीट कळलेले नाही. पकडणाऱ्याचा नाही आणि बर्फाच्या पेटीचा तर नाहीच नाही, एवढेच छातीठोक सांगतो. पण एक गोष्ट कळली. ज्याला जिवंत प्राण्याचा धंदा करायचा असतो, तो आपल्याकडून क्रूरपणा मागत नाही. तो आपल्या मनातला चांगुलपणा हेरतो आणि त्याच्या नावावर पोते भरून नेतो. औषधासाठी, शिक्षणासाठी, नवसासाठी, पोरांच्या हौसेसाठी.

म्हणून तुमच्याकडे एक मागणे आहे. तुमच्या शेतातून, तळ्यातून, नाल्यातून कुणी जिवंत काही पकडून नेत असेल, बेडूक असो, कासव असो, पोपट असो, तर कुठे नेतोस हे विचारा. तो सांगेल ते ऐकून घ्या. आणि मग तेवढ्यावर परत फिरू नका. जिथे नेतो म्हणाला, तिथे स्वतः जा. तट्टा असेल तर बाजूला सारा.