भीतीवर रागावणारी आत्या

वाशिम जिल्ह्यात माझ्या मेडशीच्या आत्याइतकं रागीट माणूस दुसरं नसेल, आणि हे मी सहाही तालुके हिंडून सांगतो आहे. ती उशिरा आलेल्या एसटीवर रागावते आणि वेळेवर आलेल्या एसटीवरही, 'आज कायची घाई होती' म्हणून. सोयाबीनमधल्या तणाला ती शिव्या घालून उपटते. नवरा गेल्यावर शेती तिनं एकटीनं सांभाळली ती या रागाच्याच जोरावर, असं आमच्या घरात सगळे मानतात. म्हणून तीन वर्षांपूर्वी ही बाई भ्यायली, तेव्हा कोणाचा विश्वासच बसेना.

मालेगावहून परत येताना एसटीत तिची छाती धडधडायला लागली, हात बधिर झाले, श्वास पुरेना. "मी मरून राह्यलो," असं तिनं शेजारच्या बाईला सांगितलं. आम्ही तिला अकोल्याला नेलं. सगळ्या तपासण्या चांगल्या निघाल्या, आणि तिथले डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "काही नाही झालं." हे वाक्य आठवलं की माझं डोकं आजही फिरतं. अर्धा तास मरण समोर पाहिलेल्या बाईला काही नाही झालं. मग नातेवाईक सुरू झाले. माझे वडील म्हणाले, मनाचे खेळ आहेत. एका काकूनं लिंबू उतरवलं. उरलेले सगळे म्हणाले, टेन्शन घेऊ नको. "मी का बजारातून पिशवी भरून आनतो टेन्शन?" आत्यानं विचारलं, आणि आम्ही हसलो. त्या हसण्यात मीही होतो, याचा राग मला बाकी सगळ्यांच्या रागापेक्षा जास्त येतो. कारण त्यानंतर तिनं एसटी सोडली, मग बाजार सोडला, मग लग्नं सोडली. वर्षभर ती घर आणि शेत यांच्यामध्येच राहिली, आणि कोणी विचारलंही नाही की ही दिसत का नाही.

शेवटी मीच तिला मोटरसायकलवर बसवून वाशिमला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं, की याला पॅनिक अटॅक म्हणतात. अंगाला वाटतं वाघ आला, म्हणून ते पळायची तयारी करतं. थोड्या वेळात ते आपोआप उतरतं. गोळी लागली तर देईन, त्यात लाज नाही, पण आधी हे व्यायाम करून बघू.

"वाघच नाही तं आंग कायले पळते?" आत्यानं दरडावून विचारलं.

"तेच त्याला समजावायचं आहे," बाई म्हणाल्या.

अंगाला समजावणं म्हणजे अंगावर ओरडणं, असा आत्यानं अर्थ घेतला. श्वास हळूहळू, लांब सोडायचा होता; ती तो असा सोडायची की ओसरीवरची मांजर उठून जायची. घाबरल्यावर समोर दिसणाऱ्या पाच वस्तू मोजायच्या होत्या. ती त्या मोठ्यानं मोजायची आणि प्रत्येकीत खोट काढायची. एका साखरपुड्यात ती बायकांच्या मधोमध बसून म्हणाली, "एक, नवरदेवाची टोपी वाकडी. दोन, वरनात मीठ नाही." तीनवर जाईपर्यंत तिची छाती शांत झाली आणि नवरदेवाच्या आईची धडधडायला लागली. दिवसभर काळजी करू नका, तिला रोज अर्धा तास ठरवून द्या, असंही डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. तेव्हापासून चार ते साडेचार आत्या तूर निवडत चिंता करते. त्या वेळात सरपंच आले तरी तिनं त्यांना दारातच थांबवलं. "साडेचारले या. सध्या माही चिंता चालू हाय."

मग धनज गावात दिलेल्या तिच्या लेकीला मुलगी झाली. वडील म्हणाले, "तू नको जाऊ. तिथं तुले झटका आला तं लोक काय म्हनतील?"

"दादा, झटका मले येते," आत्या म्हणाली. "लोकायले काय होते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर एसटीत बसलो. किन्हीराजा मागे पडलं आणि आत्या एकदम गप्प झाली. कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले. मी गाडी थांबवायला उठलो, तर तिनं माझा शर्ट धरून मला खाली ओढलं. कंडक्टर जवळ आला. "मावशी, उतरता काय?"

"नाही. आज उतरलो तं जलमभर उतरतच राहीन." तिनं समोरचा दांडा धरला. "एक, डायवरच्या मांगची फुटकी काच. दोन, या पोराच्या शर्टाचं तुटलेलं बटन. तीन..."

मागचे एक म्हातारबुवा म्हणाले, "बाई, देवाचं नाव घ्या."

"घेतो. आधी मोजू द्या."

सगळी गाडी चूप बसून ऐकत होती. शेलूबाजार आलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता, आणि खिडकी बंद होत नाही म्हणून ती कंडक्टरला झापत होती. धनजला पोचल्यावर तिनं नात मांडीवर घेतली आणि बाळाला इतकं घट्ट का गुंडाळलं म्हणून सगळ्या घराला फैलावर घेतलं.

परत येताना कारंजाच्या स्टँडवर आम्ही बाकावर बसलो होतो. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तुले कधीपासून होते?"

"काय?"

"सकाळी गाडीत तुहे हात मायापेक्षा जास्त कापून राह्यले होते."

मी सांगितलं, दोन वर्षं. ऑफिसात होतं. बाथरूमची कडी लावून उभा राहतो, तोंड धुऊन बाहेर येतो. बायकोलाही माहीत नाही. आता ही रागावणार म्हणून मी मान खाली घातली.

"मले काहून नाही सांगतलं?" ती हळूच म्हणाली.

मालेगावची गाडी लागली, माणसं दाराशी धावली. मी पिशवी उचलायला वाकलो, पण श्वास पुरेना. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"जाऊ दे गाडी. आधी सास सोड. सावकाश."

गाडी भरली, कंडक्टरनं घंटी मारली, गाडी निघून गेली. तिचा हात पाठीवर तसाच होता.