दुपट्यातली इंजेक्शनं

परका माणूस नावाची वस्तू जगात तयारच होत नाही, असं ठामपणे मानणाऱ्या शक्ती दोनच. एक परमेश्वर आणि दुसरी माझ्या बायकोची आत्या. त्यातल्या परमेश्वराबद्दल मला अधूनमधून शंका येते, आत्याबाईंबद्दल कधीच आली नाही. समोर कुणीही येवो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "कुणाचा रं तू?" मग गाव, मग बाप, आणि बापाकडून धागा लागला नाही तर आईचं माहेर. "बापाकडून न्हाई निघालं तर आईकडून निघतंयच," हे त्यांचं शास्त्र. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर आम्ही एकदा जेवायला थांबलो, तर भाजी यायच्या आधी वाढपी त्यांचा भाचा निघाला होता, आणि भाजी आल्यावर "हात धुतलास का?" म्हणून त्याला सगळ्या गिऱ्हाइकांदेखत परत पाठवण्यात आलं होतं. बीडच्या स्टँडवर एका पोराने त्यांच्या पिशवीत हात घातला. दुसरी एखादी बाई ओरडली असती. आत्याबाईंनी त्याचं मनगट धरलं आणि गाव विचारलं. जरा वेळाने ते पोरगं त्यांच्या पाया पडून, तीच पिशवी उचलून गाडीत ठेवून गेलं. "मामाला सांगू नका," एवढंच जाता जाता म्हणालं.

यातली बरीचशी नाती त्यांनी न्हाणीत कमावलेली होती. चौसाळ्यात कुणाच्या घरी बाळंतीण असली की आत्याबाईंना बोलावणं जायचं. पाय लांब करून त्या पाटावर बसायच्या, बाळाला पायांवर पालथं घ्यायच्या आणि तेल लावून असं काही चोळायच्या की रडून लाल झालेलं लेकरू टोपलीत जाईपर्यंत झोपलेलं असायचं. निम्मा गाव त्यांच्या पायांवरून उठून मोठा झालेला आहे. त्यातलेच एक पुढारी एकदा ग्रामसभेत फारच आवाज चढवून बोलू लागले. आत्याबाई मागून म्हणाल्या, "बस खाली. डोक्यावर पाणी पडलं की असाच वरडायचास." सभा तिथेच आटोपली.

आणि संधिवाताने नेमके तेच हात धरले. बोटं आत वळली ती उघडेनात. भाकरी थापणं सुटलं, लेकरं न्हाऊ घालणं सुटलं. कुणाकडे बारसं असलं की आत्याबाई पदराखाली हात लपवून बसायच्या. ते बघताना मला फार वाईट वाटायचं. मग एका डॉक्टरांनी एक इंजेक्शन सुरू केलं आणि बोटं हळूहळू उघडली. इंजेक्शनाची अट एकच होती. त्याला कायम फ्रिजमध्ये ठेवायचं. ऊन लागलं तर वाया, गोठलं तरी वाया. त्या दिवसापासून आत्याबाईंचा फ्रिज हे घरातलं दुसरं देवघर झालं. विचारल्याशिवाय दार उघडायचं नाही. लाईट गेली की त्या फ्रिजला गोधडी पांघरायच्या. शेजारणीने विचारलंही, "कावून वो, फ्रिजला ताप आलाय का?"

अशात त्यांच्या दिल्लीच्या लेकीला, लग्नाला बरीच वर्षं उलटल्यावर, मुलगी झाली. तिकडे बाळाच्या अंघोळीला पगारी बाई मिळते, असं लेकीने फोनवर सांगताच आत्याबाई कडाडल्या, "आज्जी मेली का तिची?" दोन महिने राहायचं, दोन महिन्यांची इंजेक्शनं न्यायची, म्हणजे विमानच हवं, आणि सोबतीला मी, कारण जावयाला नाही म्हणता येत नाही. आत्याबाई मला म्हणाल्या, "जावईबापू, मी हरवले तरी चालंल. इंजेक्शनं तापली तर बोटं मिटायची. लेकरू निसटंल हातातून."

मी जय्यत तयारी केली. डॉक्टरांची चिठ्ठी, थंडावा धरून ठेवणारी जाड पिशवी, औषधासोबत विमानात चालतात त्या निळ्या जेलच्या पिशव्या. त्या गोठवायला आत्याबाईंकडे आदल्या दिवशीच पोचवल्या. "इंजेक्शनांची पिशवी सामानात टाकायची नाही, हातातच ठेवायची," हे मी इतक्यांदा बजावलं की शेवटी त्या म्हणाल्या, "लेकरू कडेवर घ्यायचं असतंय, एवढं कळतंय मला."

संभाजीनगरच्या विमानतळावर मशीनमधून गेलेली आमची पिशवी सरळ आली नाही, बाजूला गेली. एका तरुण जवानाने ती उघडली. मी ऐटीत चिठ्ठी पुढे केली. त्याने ती वाचली, मान हलवली आणि पिशवीतून बाळाचं एक शिवलेलं दुपटं काढलं. त्याच्या घडीत इंजेक्शनं होती. दुपट्याभोवती निळी जेल नव्हती. पाण्याच्या जुन्या बाटल्या होत्या आणि आत पांढरंशुभ्र काहीतरी दगडासारखं गोठलं होतं.

"आत्याबाई, जेल कुठंय?"

"ते निळं व्हय? घरी ठिवलं. परवाच गाय व्याली आपली. थंड पिशवी चाललीच हाय तर म्हणलं चीक न्यावा. बाळंतिणीला खरवस नको का? गार तर दोन्हीबी गारच हाय की."

मी कपाळाला हात लावला. जवान म्हणाला, "माताजी, दवा जाएगी. ये नहीं जाएगा."

आत्याबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "बेटा, गाव कौनसा?"

"हरियाणा."

संपलं, असं मला वाटलं. आत्याबाईंचं शास्त्र हरियाणापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. पण त्यांनी क्षणभरच विचार केला. "घर में म्हैस हाय?" तो हसला. आहे म्हणाला. मग बाटलीकडे बघून त्याने हळूच विचारलं, "ये खीस है?" त्यांच्याकडे चिकाला तेच म्हणतात. झालं, म्हशीकडून नातं निघालं! नियम मात्र नियमच राहिला. बाटल्या मी दाराशी नेऊन आम्हाला सोडायला आलेल्या गाडीवाल्याच्या हवाली केल्या. गूळ किती आणि वेलदोडा किती हे आत्याबाईंनी त्याला फोनवरून समजावलं. जवानाने मात्र इंजेक्शनं दोन्ही हातांनी पुन्हा दुपट्यात गुंडाळून दिली.

आता पिशवी होती, थंडावा नव्हता. बाहेर बीडचा उन्हाळा संभाजीनगरलाही सोडत नव्हता, आणि विमान उशिरा सुटणार असल्याचं नुकतंच सांगितलं होतं. मी आतल्या कॉफीच्या काउंटरवर गेलो आणि जमेल तेवढ्या रुबाबात बर्फ मागितला. टोपी घातलेली मुलगी गोड हसून म्हणाली, "सॉरी सर, बर्फ वेगळा देत नाही आम्ही." मी परत आलो. आत्याबाई उठल्या. पुढचं मला बघायचंच नव्हतं, पण बघितलं.

"कुणाची गं तू?"

मुलगी गोंधळली. "चकलांब्याची."

"चकलांब्यात कुणाची?" तिने वडिलांचं नाव सांगितलं. काही निघेना. "आईचं माह्येर?"

"चौसाळा."

आत्याबाईंनी काउंटरवर हात टेकले. आईचं नाव विचारलं, आजोबांचं विचारलं, घर वेशीच्या अलीकडे की पलीकडे ते विचारलं. आणि म्हणाल्या, "तुझ्या आईला मी न्हाऊ घातलंय पोरी. लई रडायची. ह्याच हातानी." आणि बोटं उघडून दाखवली.

मुलीने टोपी काढली आणि काउंटरच्या बाहेर येऊन वाकून नमस्कार केला. मॅनेजरला विचारून बर्फाचा अख्खा डबा प्लॅस्टिकच्या पिशव्यांत रिकामा केला. बर्फ इंजेक्शनांना टेकू नये म्हणून आत्याबाईंनी दुपट्याची आणखी एक घडी घातली. नको म्हटलं तरी आम्हाला दोन कॉफ्याही मिळाल्या. विमानात हवाईसुंदरीने आपणहून थोडा बर्फ वाढवून दिला. ती मूळची कुठली हे विमान आकाशात जायच्या आत निघालं होतं. दिल्लीला लेकीच्या घरी फ्रिज उघडला तेव्हा पिशवीत बर्फाचे खडे अजून वाजत होते. आत्याबाईंनी इंजेक्शनं एकेक करून आत मांडली आणि गड जिंकल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. खरं सांगतो, त्या क्षणी मी त्यांच्या पाया पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराच्या दाराशी गरम पाण्याची बादली आणून देण्याचं काम जावयाकडे आलं. आत्याबाई पाय लांब करून पाटावर बसल्या होत्या. पायांवर ती एवढीशी. बोटं फिरत होती, एकही अडत नव्हतं. लेकरू आधी किंचाळलं, मग कुरकुरलं, मग जांभई दिली. दारात उभी राहून लेक रडत होती. इंजेक्शनं संपली की आत्याबाई परत जाणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

आत्याबाईंनी बाळाला उताणं केलं आणि सवयीने विचारलं, "कुणाची गं तू?"

इथे वाढणाऱ्या मुलीला हे पुन्हा कोण विचारणार, असं माझ्या मनात आलं. बाळाने आज्जीचं एक बोट मुठीत धरलं होतं. आत्याबाई ते सोडवून घेईनात. तांब्या बादलीत तसाच तरंगत राहिला.

"आत्याबाई, पाणी निवतंय," मी म्हणालो.

"निवू द्या, जावईबापू," त्या मान वर न करता म्हणाल्या. "दुसरं तापवा."