तिसरी बाटलीही तपकिरी

तिसरी बाटलीही तपकिरी! मी डोक्याला हात लावला. शुक्रवारी चेन्नईचं गिऱ्हाईक येणार होतं. क्रीम पांढरं टिकलं नाही तर लॅब बंद, म्हणजे मी घरी.

कुंभकोणमला तिरुभुवनम् रोडवर आमचं छोटं युनिट आहे. मी तिथली केमिस्ट. लायपोसोममध्ये, म्हणजे स्निग्ध रेणूंच्या दुहेरी पडद्याच्या सूक्ष्म फुग्यात, आम्ही व्हिटॅमिन सी भरत होतो. पडदा गळला की व्हिटॅमिन बाहेर येतं आणि हवा लागून तपकिरी होतं.

आमचा पडदा सोयाच्या लेसिथिनचा. त्याचे रेणू पंगतीतल्या पोरांसारखे, सारखी चुळबुळ. दोघांच्या मध्ये एकेक आत्या बसवली की कशी सरळ बसतात! पडद्यातली ती आत्या म्हणजे कोलेस्टेरॉल. रेणूंच्या शेपट्यांमध्ये ते शिरतं, त्यांना शिस्तीत उभं करतं, गळती कमी होते.

"सर, कोलेस्टेरॉल घालूया ना!"

"अय्यो! मीच ते कमी करायला गोळ्या खातोय," मालक गोपाळराव म्हणाले.

"हे त्वचेला लावायचं आहे, सर. खायचं नाही."

"पण प्राण्याचं ना? आपण मडीची माणसं."

आमच्याकडे सोवळ्याला मडी म्हणतात. कपाळ! तेवढ्यात मागच्या घरातून मालकांच्या आत्या आल्या. पूजा नुकतीच झालेली, अंगावर धाबळी. मला एकदम सुचलं.

"आत्या, ही धाबळी कशाची हो?"

"मेंढीच्या लोकरीची. दुसरी कशाची असणार?"

"मडीला चालते?"

"चालते म्हणजे काय! हिच्याशिवाय मी देवघरात पाऊल नाही टाकत."

"आमच्या क्रीमला लागणारं कोलेस्टेरॉल अशाच लोकरीच्या मेणातून काढतात. मेंढी मारत नाहीत, लोकर कातरतात. तरी सर नको म्हणतात."

आत्या पुतण्याकडे वळल्या. "गोपाळा, लोकर मी अंगावर घेते, आणि तिचं मेण तुला नको?"

गोपाळराव हसू दाबत म्हणाले, "सेरी, बरं, घाला!"

मंगळवारी नवी बॅच केली. तिची बाटली जुन्या कृतीच्या ताज्या बाटलीशेजारी गरम कपाटात ठेवली, उष्णतेने बिघाड लवकर दिसतो म्हणून. शुक्रवारी सकाळी दार उघडलं. जुनी तपकिरी, नवी पांढरीशुभ्र! मी अशी किंचाळले की पॅकिंगच्या बायका धावत आल्या. आनंदाने मला रडू आणि हसू एकदमच येत होतं.

गिऱ्हाइकाने ऑर्डर दिली. लेबलवर कोलेस्टेरॉल लिहावंच लागलं. गोपाळरावांनी मोठ्या अभिमानाने त्याला सांगितलं, "लोकरीचं आहे, मडीला चालतं."

तेव्हापासून मी एक नियम पाळते. पडदा गळायला लागला तर कोलेस्टेरॉल घालायचं. मालक अडून बसले तर आत्यांना बोलवायचं.