चाचांचं खोकं

चाचांनी मधपेटीतली चौकट द्यायला नकार दिला, त्या दिवशी अमावास्या होती. केडगावचे आबा मागायला आले होते. चाचा म्हणाले, "न्हाई." आबा उठले आणि फाट्याकडे चालत गेले.

चाचांना ओळखणाऱ्यांना एवढं पुरे. बाकीच्यांना चाचा सांगायला हवेत.

निमोण्यात त्यांच्या शेताला मेंदीचं कुंपण होतं आणि कुंपणाच्या आत, करंजांच्या सावलीत, मधपेट्या ठेवलेल्या असत. पेटी उघडण्याआधी चाचा तिच्यावर नखाने हलकेच टकटक करत आणि विचारत, "येऊ का?" मग कान लावून थांबत. आतून गुणगुण उठे आणि विरून जाई. तेव्हाच ते झाकण काढत. मला तो सगळा लाडाचा खेळ वाटला होता. एकदा त्यांनी मलाच कान लावायला सांगितला. "राणी आत असली की लगीच गप्प हुत्यात. राणी गेलेली असली की रडत ऱ्हात्यात, थांबतच न्हाईत." मी ऐकलं. लाकडाला करंजाच्या फुलांचा आणि उन्हाचा वास येत होता. आत कुणीतरी दूरवर पाढे म्हणत असावं तसा तो आवाज होता.

मी गावच्या शाळेत मराठी शिकवत होते. शाळेच्या पुस्तकांच्या कपाटात सातेरी जातीच्या मधमाश्यांनी घर केलं, तेव्हा हेडमास्तरांनी चाचांना बोलावलं. चाचांनी एकेक पोळं सोडवून लाकडी चौकटींत दोऱ्याने बांधलं आणि चौकटी पेटीत उभ्या केल्या. एवढा वेळ सगळी शाळा श्वास धरून खिडकीशी उभी होती. जाताना ते मला म्हणाले, "बाई, वरीसभर पुस्तकात ऱ्हायलेली माशी हाय. आमच्या अडाण्यांत रमंल का? बघायला येत जावा." मी जाऊ लागले, आणि कधीतरी मधपाळ मंडळाची सभासद झाले.

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या माणसांचं ते मंडळ. बैठक अमावास्येला, कारण त्या दिवशी शेतकरी बैल जुंपत नाहीत. "तुमच्या बैलाला सुट्टी, म्हून आमची जत्रा," चाचा म्हणत. कधी निमोण्यात, कधी केंदूरला, कधी केडगावला आबांच्या ओट्यावर सतरंजी पडे. विषयपत्रिका वगैरे काही नसे. कुणाच्या रानात कांद्याचे गोंडे उमलले, कुठे सूर्यफूल पेरलंय, कोण औषध फवारणार आहे, एवढंच बोलणं चाले. भाकरीवर मध येई. दुपार मधासारखीच हळूहळू खाली उतरे. नव्वदीची ती वर्षं आठवली की मला आधी तो प्रकाश आठवतो, माणसं मागून येतात.

मंडळाचा एकच नियम होता आणि तो चाचांनी घातलेला होता. एखाद्याच्या पेटीतली राणी मेली, की दुसऱ्याने आपल्या पेटीतली अंड्यांनी भरलेली एक चौकट त्याला द्यायची. माश्या त्या अंड्यांतून नवी राणी वाढवतात. ती चौकट देणाऱ्याला परत करायची नाही. आपलं घर सावरलं, की पुढच्या कुणाला तरी द्यायची. त्यासाठी चाचांनी जाळीचं एक खोकं केलं होतं, बरोबर एका चौकटीच्या मापाचं. तेच खोकं गावोगाव फिरे.

एकदा मी त्यांच्याबरोबर शिरूरहून चौफुल्याच्या एसटीत होते. खोकं चाचांच्या मांडीवर, ओल्या फडक्याखाली गुणगुणत होतं.

"चाचा, काय हाय त्यात?" कंडक्टरने विचारलं.

"पोरगी हाय. सासरला निघाली."

"मग तिकीट?"

"लेकुरवाळी हाय, हाफ घ्या," चाचा म्हणाले, आणि फडक्याचं टोक उचललं. कंडक्टर जो पुढे गेला, तो केडगाव येईपर्यंत मागे आला नाही. केडगावला आबा फाट्यावर हजर होते. खोकं हातात घेत म्हणाले, "पाव्हणी आणायला एवढा उशीर? माझ्या माश्या सकाळधरनं दारात बसल्यात!"

मग एका हिवाळ्यात अंड्यांतून निघालेल्या आळ्या मरू लागल्या. पांढऱ्या आळ्या पिवळ्या पडत, पाण्याने भरलेल्या पिशवीसारख्या होऊन पोळ्यातच राहत. आधी निमोण्यात, मग केंदूरला, मग केडगावला, मग सगळीकडे. पेट्या रिकाम्या होऊ लागल्या, तसे लोक एकमेकांना जास्तच चौकटी देऊ लागले. खोक्याला उसंत नव्हती. मधाच्या खात्याचे एक साहेब आले. त्यांनी रोग ओळखला आणि सांगितलं की तो पोळ्याबरोबर जातो.

चाचांनी सतरंजीवर बोटाने रस्ता काढला. निमोणे, केंदूर, केडगाव. खोकं ज्या वाटेने गेलं होतं त्याच वाटेने आजार गेला होता.

"आपुनच पोचवला," ते म्हणाले. "हातानं. फडक्यात गुंडाळून."

त्या दिवशी त्यांनी खोकं घरी नेऊन आढ्याला टांगलं.

त्यांच्याकडे शेवटी एकच पेटी उरली. माझ्या शाळेच्या कपाटातली वसाहत. ती तापट होती, म्हणून त्यांनी तिला पहिल्यापासून दूर विहिरीपाशी ठेवलं होतं आणि तिच्यात बाहेरची चौकट कधी घातली नव्हती. त्याच पेटीतली चौकट आबा मागत होते. आबांकडेही एकच पेटी उरली होती आणि तिच्यातली राणी गेली होती.

"आजारी निघाली तर निघाली. द्या," आबा म्हणाले. "न्हाईतरी माझ्या मरणारच हायती."

"न्हाई."

"कवा देणार?"

"ठावं न्हाई."

"चाचा, नियम तुमचाच व्हता."

चाचांनी मान खाली घातली. आबांची पाठ फाट्याकडे वळेपर्यंत त्यांनी ती वर केली नाही. मला म्हणाले, "ह्यात आजार लपला असंल, तर मी पुन्हा त्यालाच पोचवीन. आन् न बघता चौकट काढून एवढी एक पेटी मोडली, तर मागायला बी कुठं जागा न्हाई." आबांची पेटी त्याच महिन्यात ओस पडली. ते बैठकीला यायचे थांबले. आबांशिवाय बैठकही हळूहळू थांबली.

चाचा मात्र रोज विहिरीपाशी जात. टकटक, "येऊ का?", मग एकेक चौकट उन्हात धरून आळ्या न्याहाळणं. त्या वर्षीचा कांदा फुलून गेला, आळ्या पांढऱ्याच राहिल्या. "अजून एक कांदा बघू," ते म्हणाले. पावसाळ्यानंतर त्यांना चालवेना. मी शाळा सुटल्यावर जाऊन चौकटी पाही आणि खाटेपाशी येऊन सांगे. ते डोळे मिटून ऐकत. एक दिवस म्हणाले, "कांदा फुलला आन् आळी पांढरी असली, तर चौकट आबाची. आदी न्हाई. मी नसलो तरी आदी न्हाई."

कांद्याचे गोंडे अजून हिरवे होते तेव्हा चाचा गेले. आबा मातीला आले, कब्रस्तानाच्या भिंतीशी उभे राहिले आणि कुणाशी न बोलता गेले. मला तेव्हाच सांगावंसं वाटत होतं. मी सांगितलं नाही. आदी न्हाई.

कांदा फुलून शेतं पांढरी झाली, आळ्याही पांढऱ्याच होत्या, तेव्हा मी त्यांना निरोप धाडला. आबा आले. चाचांचा शेवटचा शब्द मी त्यांना सांगितला, जसा होता तसाच. ते विहिरीपाशी गेले, पेटीसमोर उकिडवे बसले. झाकणाला हात घातला आणि काढून घेतला. मग नखाने हलकेच टकटक केली.

"चाचा न्हाईत," ते पेटीला म्हणाले. "मी हाय, आबा. येऊ का?"

आत गुणगुण उठली आणि विरली.

आबांनी त्याच आठवड्यात रानातून माश्यांचा एक थवा धरून पेटीत ठेवला होता, पण त्याची राणी निसटली होती. आम्ही आढ्याचं खोकं काढलं, धूळ पुसली, फडकं भिजवलं. आबांनी चौकट आत बसवली आणि वरून फडकं पांघरलं. फाट्यावर एसटीत चढताना त्यांनी खोकं छातीशी धरलं होतं.

आता नियमात एक ओळ वाढली आहे: ज्या पेटीतली चौकट द्यायची, ती आधी एक पूर्ण फुलोराभर पाहायची. पेट्या थोड्या आहेत, अमावास्येला येणारी माणसंही थोडी आहेत. चाचांचं खोकं मी ठेवून घेतलेलं नाही. ते सध्या केंदूरला आहे.