तरंगलेली कॅप्सूल

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. भंडाऱ्याला बी.एस्सी.ला प्रवेश घेतला तेव्हापासून आसगावात आमच्या मोहल्ल्यात माझ्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. सायन्सला आहे म्हणजे मला तापावरची गोळी माहीत असणार, पंखा दुरुस्त करता येणार, मोबाईल गरम का होतो तेही सांगता येणार. मला यातलं काही येत नाही. मी तसं सांगितलं तरी शेजारची काकी म्हणते, "लाजून राहिली पोट्टी."

पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन मी हॉस्टेलवरून घरी आले होते. पऱ्ह्यांत, म्हणजे पेरलेल्या वाफ्यांत, धानाची रोपं वीतभर वर आली होती आणि चार-आठ दिवसांत ती उपटून बांधीत लावायची रोवणी लागणार होती. आई त्या रोवणीची वाट पाहत होती. आदल्या वर्षी तिला बांधीच्या चिखलात उतरताच आलं नव्हतं. पायांत सारखी आग व्हायची, मुंग्या यायच्या. डॉक्टरांनी नसांचा त्रास आहे म्हणून सांगितलं आणि रोज एक कॅप्सूल दिली. हे औषध एकदम बंद करायचं नाही, असंही बजावलं. औषधाने पाय हळूहळू शांत झाले. रोवणीत बायांचं गाणं आई उचलते. ती नव्हती त्या वर्षी काकीनं उचललं होतं, आणि त्या गाण्यानं बांधीतले बेंडूक धुऱ्यावर, म्हणजे कडेच्या बांधावर, चढून बसले, असं काकी स्वतःच सांगते.

नेमकं तेव्हाच औषध संपत आलं. पवनीचा मेडिकलवाला रोज "उद्या येते" म्हणायचा. शेवटी मी मोबाईलवरून मागवलं. त्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मागितला तेव्हा मला बरं वाटलं. चिठ्ठी मागतात म्हणजे दुकान नीट असावं, असं मी मनाशी म्हटलं. पार्सल बसस्टँडवरच्या पानठेल्यावर आलं. बाबा ते लग्नाची पत्रिका आणावी तसं दोन्ही हातांत धरून घरी घेऊन आले.

डबा उघडला आणि आईचा चेहरा बदलला. जुना डबा पांढरा, निळ्या पट्टीचा. हा हिरवा होता. काकी तिथेच बसली होती. तिनं लगेच मोबाईल काढून एक व्हिडिओ लावला. "हे पाह्य वं. ऑनलाइनच्या गोळ्यात खडू भरून देतेत."

"मी नाई खात माय हे," आई म्हणाली. "जुन्या दोन उरल्या, त्या खाईन. मंग पाहू."

"मंग पाहू म्हणजे काय? डॉक्टर बंद करू नका म्हणाले ना?"

"डॉक्टरानं खडू खा म्हटलं का?"

बाबा उठले. "भांडू नका. आत्ताच पाहून घेऊ," असं म्हणून त्यांनी पितळेच्या गंजात पाणी घेतलं आणि त्यात मीठ घालून ढवळायला लागले. बाबा धानाचं बियाणं नेहमी असंच पाहतात. मिठाच्या पाण्यात भरीव दाणा तळाशी बसतो, पोचट दाणा वर तरंगतो. तरंगलेलं काढून फेकायचं आणि बुडलेलं पऱ्ह्यात टाकायचं. बाबांचा या पाण्यावर जेवढा विश्वास आहे तेवढा माझ्या मार्कशीटवरही नसावा.

त्यांनी नवी कॅप्सूल पाण्यात सोडली. ती तरंगली.

"पोचट हाय," बाबा म्हणाले.

मला काहीतरी सुचलं आणि सुचलं याचाच मला आनंद झाला. प्रॅक्टिकलमध्ये आम्हाला शिकवलं होतं की ज्याची खात्री नाही त्याच्या शेजारी खात्रीची वस्तू ठेवून पाहावी. मी म्हटलं, "बाबा, जुनी पण टाकून पाहा ना."

जुनी टाकली. तीही तरंगली. दोघी गंजात एकमेकींना लागून गोल फिरत राहिल्या.

मी विजयाने सगळ्यांकडे पाहिलं. बाबा दोन्हींना बोटाने एकदा दाबून म्हणाले, "मंग तं जुनीबी बोगस."

"म्हंजे इतके महिने मी हवा खाऊन राहिली?" आई म्हणाली.

"तरीच वं," काकीनं मान डोलावली, "तुह्या अंगाले काईच लागून नाई राहिलं."

"अगं आई, पण पाय बरे झाले ना तुझे?"

"थे मी चालते म्हून झाले."

आता आई नवी घ्यायला तयार नव्हती आणि उरलेली एक जुनीही. पटवायला गेले आणि होतं तेही घालवून बसले. मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती. औषध सुटलं आणि पाय पुन्हा पेटले तर आई या वर्षीही धुऱ्यावर बसून राहणार. गाणं दुसरीच कुणी उचलणार आणि ती फक्त ऐकणार.

कोपऱ्यात बियाण्याच्या रिकाम्या थैल्यांची घडी होती. तिच्या वर खुंटीला एक तार अडकवलेली, आणि तारेत थैल्यांचे टॅग ओवलेले. एकदा बाबांचं बियाणं उगवलंच नव्हतं. तेव्हापासून टॅग, बिल आणि मूठभर बियाणं ते पीक घरी येईपर्यंत सांभाळून ठेवतात. दुकानदाराशी बोलायचं तर हातात नंबर पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मी असे टॅग लहानपणापासून पाहत आले होते, पण एकही वाचला नव्हता. त्या दिवशी वाचला. लॉट नंबर, तपासणीची तारीख, वापरायची मुदत. मी औषधाचा डबा त्याच्या शेजारी धरला.

"बाबा, तुमचा लॉट नंबर असतो ना, तसा औषधाचा बॅच नंबर असतो. तो बिलावर पण पाहिजे."

बाबांनी चष्मा लावला. "आण बिल."

बिल पार्सलमध्येच होतं. त्यांनी ते हातात घेतलं, मी डबा आणि आतलं कॅप्सूलचं पाकीट घेतलं. मी एकेक अक्षर वाचायचे आणि ते "हाय" म्हणायचे. काकी साक्षीदारासारखी दोघांच्या मधून डोकावत होती. डब्यावरचा, पाकिटावरचा आणि बिलावरचा नंबर एकच निघाला. मुदतीची तारीखही जुळली. बिलावर दुकानाचा परवाना नंबर होता.

"जमलं," बाबा म्हणाले.

"काहून?" आई म्हणाली. "बोगसवाल्याले नंबर लिहिता येत नाई का?"

तिचं म्हणणं बरोबर होतं.

आमच्या घरात रेंज येत नाही, विहाराच्या पायरीवर येते. आम्ही चौघं तिकडे गेलो. आई मागून येत होती, पण येत होती. डब्यावरच्या चौकोनी कोडवर मोबाईल धरला तर तेच नाव आणि तोच बॅच नंबर दिसला. खाली कंपनीचा फोन नंबर होता. मला अनोळखी माणसाला फोन करायची फार भीती वाटते. मी इंग्रजीत दोन वाक्यं मनात जुळवली. पलीकडून एका बाईंनी हिंदीत "बोलिए" म्हटलं आणि माझी दोन्ही वाक्यं गेली. मग मी हिंदीतच सांगितलं. त्यांनी बॅच नंबर विचारला, थोडं थांबायला लावलं, आणि म्हणाल्या, हा बॅच आमचाच आहे, मुदतही बरोबर आहे.

फोन स्पीकरवर होता. बाबा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "त्याइले विचार, बियाणं बदललं का थैली बदलली?"

मी विचारलं, "मॅडम, दवा बदली है या सिर्फ डिब्बा?"

"सिर्फ डिब्बा बदला है. अंदर वही दवा है."

बाबांनी आईकडे पाहिलं. आई माझ्याकडे पाहून म्हणाली, "तरंगते काहून, थे विचार."

मला लाज वाटली, पण विचारलं. "मॅडम, वो पानी पर तैरती है."

त्यांनी विचारलं, "आपने पानी में क्यों डाली?"

"मेरे पिताजी धान का बीज ऐसे ही देखते हैं."

त्या बाई हसायला लागल्या. चांगलं, मोकळं हसल्या. म्हणाल्या, कॅप्सूलच्या आत थोडी हवा राहते, म्हणून ती तरंगू शकते, त्यावरून असली-नकली कळत नाही. आणि पिताजींना माझा नमस्कार सांगा. बाबांनी फोनकडे पाहून खरंच हात जोडले. काकी पायरीवर बसून हसून हसून पदराने डोळे पुसत होती.

तरी मी डब्याचा आणि पाकिटाचा फोटो डॉक्टरांच्या दवाखान्याच्या नंबरवर पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं, तेच औषध आहे, चालू ठेवा. आईला मी ते दोनदा वाचून दाखवलं. तिनं कॅप्सूल तळहातावर घेतली, उलटसुलट पाहिली आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होतो.

"आता काय पाहून राहिले जी?" ती बाबांना म्हणाली. "मी का तरंगणार हाओ?"

बाबांनी डब्याचं नंबर असलेलं झाकण कापून त्याला भोक पाडलं आणि बिलासकट तारेत ओवलं, बियाण्याच्या टॅगशेजारी.

रोवणीच्या दिवशी आई लुगडं खोचून बांधीत उतरली. मी रोपांच्या पेंढ्या पोचवायला होते. काकी तिच्या शेजारी वाकली होती. तिनं मोठ्यानं विचारलं, "काय वं, तरंगली का आज?"

"तरंगली. पोटात पोहून राहिली," आई म्हणाली. सगळी रांग हसली, आणि ते हसू थांबायच्या आतच आईनं गाणं उचललं. दुसरी ओळ काकीनं धरली, नेहमीसारखी बेसूर. मी धुऱ्यावर पाहिलं. चढून बसलेला बेंडूक एकही नव्हता.